रात्रीचा पट्टा

ताई: आणि पट्टा?

मावशी: लावते की.

ताई: रोज?

मावशी: रोज. झोपताना. तुम्ही सांगितलंत तस्सा. एक रात्र चुकवली नाही, तुमच्या गळ्याशपथ.

ताई: माझ्या गळ्याला कशाला मधे ओढता? आपण मनगटाचं बोलू. रोज पट्टा लावत असाल तर हात सुधारायला हवा. तुमचा तर उलट्या पावली चाललाय. आणि मावशी, जरा हळू. मी समोरच बसलेय.

मावशी: हळूच बोलतेय.

ड्रायव्हर: हे हळू? इकडे पडदा हलला.

मावशी: कोण बोललं?

ताई: पडद्यापलीकडे ड्रायव्हरकाका आहेत. जन्मभर बस चालवली, आता खांदा आखडलाय. शेक घेत पडलेत. काका, तुम्ही तुमच्या खांद्याकडे बघा.

ड्रायव्हर: बघतोय. पण कान काय खांद्याला आहेत?

मावशी: राहू द्या हो, ऐकू दे त्यांना. माझे कान तर लाँड्रीत गेले. ती धुण्याची यंत्रं एकदा घुमायला लागली की शेजारणीला ओरडून सांगावं लागतं. कान गेले, ओरडायची सवय तेवढी राहिली. हे यंत्र कानात घातलंय म्हणून तुमचं ऐकू येतंय. नाहीतर मी आणि हे टेबल, सारखंच.

ताई: हात द्या. उजवा. असा उताणा ठेवा उशीवर. आता डोळे मिटा. मी कापूस फिरवते, कुठल्या बोटाला लागला ते सांगायचं. मागच्या वेळी केलं होतं तसंच.

मावशी: मिटले.

ताई: हं.

मावशी: फिरवा ना.

ताई: फिरवला.

मावशी: फिरवलात? कुठे?

ताई: अंगठ्यावर. आता?

मावशी: नाही बाई.

ताई: हे पहिलं बोट. आता?

मावशी: आता लागला! करंगळी.

ताई: बरोबर. करंगळी ठणठणीत आहे. मधलं बोट?

मावशी: ते मधलं आहे हे तुम्ही सांगताय म्हणून कळतंय.

ताई: उघडा डोळे. मनगटावर टकटक करते. काय होतं?

मावशी: आई गं! बोटांत वीज गेली.

ताई: हेच मागच्या खेपेला नव्हतं, मावशी. मागच्या खेपेला तुम्हाला पहिलं बोट कळत होतं, अंगठा कळत होता. रात्री उठून हात झटकावा लागत नाही म्हणून तुम्ही हसत आला होतात. आणि हा बघा, अंगठ्याखालचा उंचवटा. डाव्या हाताचा बघा आणि हा बघा. हा बसायला लागलाय.

मावशी: म्हातारपणी सगळंच बसतं. गालसुद्धा बसले.

ताई: गालांनी इस्त्री धरायची नसते. या उंचवट्यात जोर असतो. तो गेला की कप सुटतो, किल्ली फिरत नाही, सदऱ्याचं बटण लागत नाही.

मावशी: कप सुटला परवा.

ताई: बघा!

मावशी: एकटीचाच कप. फुटला तर फुटला.

ताई: असं कसं चालेल? व्यायाम करून दाखवा. बोटांचे.

मावशी: हे सरळ. हा आकडा. ही मूठ. हे टेबल. पुन्हा सरळ.

ताई: आणि हाताचा?

मावशी: हात बाजूला, तळवा वर, ताट घेऊन उभी राहिल्यासारखा. मनगट मागे. मान दुसरीकडे. ओढ लागली की थांबायचं, जोर करायचा नाही. लाँड्रीतल्या पोरी म्हणतात, मावशी, आमच्यासाठीपण वाढा.

ताई: शंभरपैकी शंभर. इस्त्रीच्या मुठीला कापड गुंडाळलं?

मावशी: जाड गुंडाळलं. चादरी आता दोघी मिळून पिळतो, मी एकटी पिळत नाही. आवळून धरायचं नाही, मनगट मुडपायचं नाही, मधे मधे हात सोडायचा. सगळं पाठ आहे.

ताई: मग गोम कुठे आहे? मी तुम्हाला सांगितलं होतं ना, मनगटात काय असतं?

मावशी: नेफा.

ड्रायव्हर: मनगटात नेफा?

ताई: काका!

मावशी: अहो, लेंग्याला नेफा असतो ना, तसा मनगटात आहे. त्यातून बोटांच्या दोऱ्या जातात आणि एक नस जाते. नेफा तंग झाला की नाडी अडकते, तशी ती नस दबते. ताईंनी मला माझ्याच भाषेत सांगितलं. धुवून आटलेले नेफे मी काय कमी बघितलेत?

ड्रायव्हर: आणि करंगळी कशी सुटली त्यातून?

ताई: तिची नस वेगळ्या वाटेने जाते, त्या नेफ्यातून नाही. काका, तुमची शेकाची पिशवी एव्हाना गार झाली असेल.

ड्रायव्हर: केव्हाच झाली.

ताई: मग?

ड्रायव्हर: मग काय? पडलोय. घरी जाऊन तरी पडायचंच आहे. इथे निदान बोलणं कानावर पडतं.

ताई: पडा. मावशी, मुद्द्याचं बोलू. दिवसा तुम्ही मनगटाला जपता. रात्री झोपेत माणूस हात मुडपून घेतो, म्हणून पट्टा. पट्ट्याने मनगट सरळ राहतं, नस मोकळी राहते. आधी तो लागू पडला. मग अचानक बिघडलं. मधे काय झालं?

मावशी: काही नाही.

ताई: या वेळीही असंच राहिलं तर मला तुम्हाला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवावं लागेल. ते ऑपरेशन सांगतील.

मावशी: ऑपरेशन केलं की हात बांधून ठेवतात?

ताई: थोडे दिवस.

मावशी: बोटं पण?

ताई: बोटं मोकळी असतात. पण काही धरायचं नाही, उचलायचं नाही.

मावशी: रात्री पण?

ताई: रात्री काय धरायचंय तुम्हाला?

मावशी: काही नाही. आपलं विचारलं.

ताई: पट्टा आणलाय?

मावशी: पिशवीत आहे. असू द्या ना तो. घामाचा वास येतो.

ताई: लाँड्रीवाल्या बाईच्या पट्ट्याला वास? द्या इकडे. अगंबाई! हा असा फुगला कशाने? तळव्याच्या बाजूने पोतं भरल्यासारखा झालाय. आतली पट्टी पण वाकलीय. उलटा बांधता की काय?

मावशी: नाही हो, सुलटाच.

ताई: हात परत दाखवा. उजेडात. मावशी, तळव्यावर हा वळ कसला?

मावशी: कुठला?

ताई: हा चौकोनी. इथे कोपरा रुतलाय. आणि हा बरोबर मनगटाच्या घडीवर. जिथे काहीही दाबायचं नाही असं सांगून माझा घसा बसला, तिथेच. आत काय घालता तुम्ही?

मावशी: हात सोडा ना.

ताई: मावशी?

मावशी: फोन.

ताई: काय?

मावशी: फोन घालते. बटणांचा छोटा फोन आहे, बरोबर मावतो. तळव्यावर ठेवते, बोटं वरून मिटते आणि पट्टा करकचून आवळते. सुटायला नको.

ताई: देवा! मी नस मोकळी करायला पट्टा दिला आणि तुम्ही तिच्या उरावर फोन बांधला?

मावशी: रागावणार हे माहीत होतं म्हणूनच सांगितलं नाही.

ताई: रागावत नाही. म्हणजे रागावलेय, पण आधी कळू तर दे. फोन कशाला बांधायचा झोपताना?

मावशी: मुलाचा येतो ना.

ताई: जहाजावर आहे तो?

मावशी: हो. इंजिनात. त्यांच्या जहाजावर घरी लावायला फोन एकच. सगळे रांगेत उभे राहतात, पाळीपाळीने. त्याची पाळी येते तेव्हा आपल्याकडे रात्र असते. कुठली रात्र, ते त्यालाही ठाऊक नसतं. पाळी आली, आईने उचलला नाही, तर मागचा माणूस उभाच असतो. पाळी गेली की गेली.

ताई: तुम्ही उलटा लावत नाही का?

मावशी: लागत नाही. एक बाई बोलते, हा नंबर अस्तित्वात नाही. माझा पोरगा बोलतो त्या नंबरावरून, आणि ही म्हणते अस्तित्वात नाही!

ड्रायव्हर: फोनचा आवाज मोठा ठेवा की हो.

मावशी: कितीही मोठा ठेवा. कानातलं यंत्र झोपताना काढावं लागतं. उशीला टेकलं की शिट्ट्या मारतं ते, डोकं उठतं. आणि तसंही घरात हाक मारायला कोणी नाही, त्यामुळे संध्याकाळी घरी गेले की ते घातलं काय, काढलं काय. यंत्र काढलं की तोफ उडाली तरी मला कळत नाही. पण फोन थरथरतो ना, ते हाताला कळतं. म्हणून मुठीत धरून झोपायची. आधीपासूनच.

ताई: आधीपासून? मी मुठीत काही धरायचं नाही म्हटलं होतं.

मावशी: मग सोडलं ना! ऐकलं ना तुमचं! तुम्ही म्हणालात रात्री मूठ मोकळी ठेवा, नुसता पट्टा लावा. मी फोन उशाशी ठेवला. पट्टा लावला, व्यायाम केले, तुम्ही मेणाचा शेक दिलात, मनगट चोळून दिलंत. बरं वाटलं. फार बरं वाटलं. मुंग्या गेल्या.

ताई: मग?

मावशी: मग काय? झोप लागली.

ताई: झोप लागलेली चांगलीच की.

मावशी: चांगली? अहो, आधी हात दुखायचा ना, तर मी जागीच असायची. मुंग्या आल्या की उठायचं, हात झटकायचा, फोन बघायचा, परत पडायचं. परत मुंग्या, परत बघायचं. त्याचा एक फोन हुकला नाही तेव्हा. तुम्ही हात बरा केलात आणि मी मेल्यासारखी झोपले. सकाळी उठले तर फोनच्या पडद्यावर त्याचा नंबर. दोनदा लावला होता त्याने. दोनदा! म्हणजे मागच्या माणसाला थांब म्हणाला असेल. हातापाया पडला असेल. आणि इकडे आई घोरतेय!

ताई: मावशी...

मावशी: त्यानंतर आलाच नाही. तुम्हाला काही बोलत नाही मी. तुमचं चुकलं नाही. पण खरं सांगू का? थोडा दुखू द्या हात. पूर्ण बरा नका करू. मला जाग आली पाहिजे.

ताई: हात दुखतो म्हणून लोक येतात माझ्याकडे. दुखू द्या म्हणून कोणी आलं नव्हतं आजवर. मावशी, एक करूया. रात्री जसा बांधता तसाच आत्ता बांधा. फोन आत घालून. मला बघू दे.

मावशी: रागावणार नाही?

ताई: नाही. अगदी तसाच. किती आवळता ते कळू दे.

मावशी: फोनचा आवाज बंद करते मग, नुसती थरथर ठेवते. रात्री तसाच ठेवते मी, शेजारणीची तक्रार असते. हे असं. बोटं मिटायची. मग हा पट्टा इकडून. हं. दातांनी ओढते मी दुसरं टोक.

ताई: दातांनी!

मावशी: एकटीने कसं आवळणार मग?

ताई: ठेवा हात उशीवर. त्यावर दुलई पण असते?

मावशी: असते.

ताई: मग हा टॉवेल टाकते. बसा आता निवांत, आणि तुमच्या मुलाचं सांगा. काय बोलतो फोनवर?

मावशी: काय बोलणार? काही नाही हो. पाळी केवढीशी! जेवलीस का, म्हणतो. रात्री झोपेतून उठवून विचारतो, जेवलीस का! मी म्हणते हो. मी विचारते, तू? तो म्हणतो हो. मग म्हणतो, हात कसा आहे? मी म्हणते, बरा आहे. मग म्हणतो, बरं, ठेवतो.

ताई: संपलं?

मावशी: संपलं. पण ते झालं ना, की कितीतरी दिवस पुरतं मला. इस्त्री करता करता तेच आठवत बसते. हो म्हणाला तेव्हा आवाज कसा होता, बसलेला होता का, खोकला का मधे. लहानपणापासून खोकला आहे त्याला. आणि आईने उचलला नाही तर त्याला काय वाटेल सांगा. एकटी राहणारी म्हातारी, रात्री दोनदा रिंग गेली, उचलत नाही. पडली की काय? मेली की काय? कोणाला विचारणार तो? त्या इंजिनाच्या धडधडाटात हाच विचार करत बसला असेल. नाहीतर म्हणत असेल, आईला आता माझ्या फोनचं काही नाही.

ताई: असं नाही म्हणणार.

मावशी: मला आता रोज सकाळी भीती वाटते पडद्याकडे बघायची. नंबर नसतो. नसला की वाटतं, चला, हुकला तर नाही. मग वाटतं, म्हणजे आलाही नाही. दोन्हीकडून मी तिथेच. म्हणून आता हा पट्टा. दुखला तर दुखू दे, पण यापुढे एक फोन सुटणार नाही. हाताला बांधलाय म्हटल्यावर कुठे जाईल? आला की लगेच कळणार. झोपेत असले तरी कळणार.

ड्रायव्हर: कुणाचा तरी फोन थरथरतोय.

मावशी: तुमचा असेल.

ड्रायव्हर: माझा कोण करतंय? माझा बंदच असतो.

मावशी: मग ताईंचा.

ताई: माझा माझ्या हातात आहे, मावशी.

मावशी: मग कुणाचा? असं का बघताय? ताई?

ताई: टॉवेल काढते. पट्टा सोडते. बघा पडद्यावर.

मावशी: कुणाचा नंबर हा?

ताई: माझा. तुम्ही बोलत होतात तेव्हा लावला मी. पूर्ण वाजून बंद झाला.

मावशी: माझ्या हातात?

ताई: तुमच्या हातात.

मावशी: मी जागी होते.

ताई: हो.

मावशी: टक्क जागी होते हो मी. म्हणजे झोपेत तर...

ताई: इतका आवळला की हात पार मरून जातो. आधी दुखायचा तेव्हा तो तुम्हाला उठवत तरी होता. आता तो उठवणार पण नाही आणि फोनही कळू देणार नाही. असाच बांधत राहिलात तर एक दिवस पट्टा काढल्यावरसुद्धा तो जागा व्हायचा नाही. ऐकताय ना? रडू नका. रडा हवं तर. हात द्या इकडे, तोवर चोळते. तळव्यापासून वर, हळूहळू. मुंग्या येतील आता, रक्त परत फिरतंय.

मावशी: तुमचे हात गरम आहेत.

ताई: शेकाच्या पिशव्यांत असतात दिवसभर.

मावशी: मग काय करू मी? डाव्या हाताला बांधू?

ताई: म्हणजे पुढच्या वर्षी डावा घेऊन याल. हाताला काही बांधायचं नाही. दोन्ही.

मावशी: मग कुठे बांधू? गळ्यात?

ड्रायव्हर: पायाला बांधा.

ताई: काका, चेष्टा नको आता.

ड्रायव्हर: चेष्टा नाही करत. गाडीत काही बिघडलं की मला आधी पायाला कळायचं. कानाला नंतर. कंडक्टर म्हणायचा, काही आवाज येत नाहीये, तुमचं आपलं काहीतरीच. पण टाचेला कळलेलं असायचं. झोपेत पायावर झुरळ चढलं तर माणूस उठतो की नाही?

मावशी: उठतो बाई.

ताई: पायाला... थांबा हां. मावशी, पायांना मुंग्या येतात? मधुमेह वगैरे?

मावशी: नाही. पाय घोड्यासारखे आहेत. दिवसभर उभी असते.

ताई: मग घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाजवळ. तिथे मांस नाही, थरथर लगेच कळेल. बांधायचं नाही पण, नुसता सैल मोज्यात सरकवायचा. उंच मोजा हवा. आहे तुमच्याकडे?

मावशी: सगळ्या जगाचे मोजे धुतले, माझा एक नाही.

ड्रायव्हर: माझा घ्या. ड्युटीचा आहे, गुडघ्यापर्यंत येतो. पडद्याखालून सरकवतो.

मावशी: धुतलेला आहे?

ड्रायव्हर: कालच धुतलाय. मीच धुतो, दुसरं कोण धुणार?

मावशी: बघू. हं. साबण नीट काढलेला नाही तुम्ही. कडक राहिलाय. दुसराही द्या, नीट धुवून आणते पुढच्या वेळी.

ड्रायव्हर: एकच न्या आज. बिनमोज्याचा घरी जाऊ का?

ताई: पाय वर घ्या मावशी. खाटेवर आडव्याच व्हा. असा मोजा, असा फोन. टोचतोय?

मावशी: नाही. गार लागतोय.

ताई: आता पट्टा. रिकामा. आतली पट्टी मी सरळ केलीय. किती आवळायचा? आत तुमची करंगळी सहज जाईल इतका. दात लावायचे नाहीत. बोटं मोकळी. मोकळी म्हटलं मी!

मावशी: सवय झालीय मिटायची. काहीतरी धरल्याशिवाय झोप येत नाही.

ताई: उशीचं टोकसुद्धा धरायचं नाही.

मावशी: रिकामा हात घेऊन झोपायचं.

ताई: हो.

मावशी: बघते.

ताई: मी एक करू का? रात्री एखादी रिंग देत जाते. नीट कळतंय की नाही, जाग येते की नाही, तेही समजेल. तशी मी जागीच असते उशिरापर्यंत.

मावशी: का हो? तुम्ही तर तरुण आहात.

ताई: असंच. नाही लागत झोप.

मावशी: घरी कोण असतं?

ताई: मीच. मग देऊ रिंग?

मावशी: नको, ताई.

ताई: अहो, मला काही त्रास नाही.

मावशी: तुम्हाला नाही हो. मला. रात्री फोन थरथरला की मला वाटणार तोच. अंधारात उठून बसणार, यंत्र चाचपणार, घाईघाईने कानात घालणार, आणि मग कळणार की ताई आहेत. राग नका मानू. तुम्ही चांगल्याच आहात. पण तो नाही हे परत परत नाही कळवून घ्यायचं मला.

ताई: बरोबर आहे. नाही देत.

मावशी: आत्ता द्या. इथे. इथे मला माहीत असेल कोण आहे ते.

ताई: चालेल. अगदी रात्रीसारखं करू. कानातलं काढा. डोळे मिटा. मी कधी लावणार ते सांगणार नाही. कळलं की नुसता हात वर करा, पट्टेवाला.

मावशी: आणि नाही कळलं तर?

ताई: तर दुसरी जागा शोधू. पाठीचा कणा आहे, बरगड्या आहेत. माणसाला हाडं काय कमी आहेत? पण मुठीत धरणं बंद.

मावशी: हे घ्या, यंत्र तुमच्याकडे ठेवा. आता तुमचं मला काही ऐकू येणार नाही हां. मिटले डोळे.

ड्रायव्हर: लावलात का?

ताई: थांबा ना. थोडं शांत होऊ दे त्यांना. श्वास बघा कसा चाललाय.

ड्रायव्हर: मला कुठून दिसणार? पडदा सारा.

ताई: सारते. उठू नका, खांदा सांभाळा. लावतेय आता.

(मोज्यातला फोन थरथरू लागतो. पट्टा बांधलेला हात वर होतो, बोटं मोकळी.)

मावशी: आला.

ताई: कळलं! काका, बघितलंत? लग्गेच कळलं!

मावशी: आला गं. आला.

ताई: शाब्बास मावशी. बास आता, ठेवते मी.

ड्रायव्हर: त्यांना ऐकू नाही यायचं.

मावशी: कट करू नकोस, पोरी. थोडा वेळ वाजू दे.

ताई: तो आपोआप बंद होईल आता.

ड्रायव्हर: मग परत लावा.